शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या पार्टीच्या बॅनरवर दोन चेहरे मोठे असतात. डावीकडे विशाखा, उजवीकडे उज्वला, आणि खाली कोपऱ्यात चष्म्यासकट मी, पेटीवाली. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते. पण पेटीवालीला एक गोष्ट मिळते जी पब्लिकला मिळत नाही. पब्लिकला दोघींचे चेहरे दिसतात, मला दोघींच्या पाठी दिसतात. आणि माणूस चेहऱ्यानं जितकं खोटं बोलतो तितकं पाठीनं बोलत नाही, हे मी महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर मुलांना फळ्याकडे उभं करून शिकले आहे.

आमची सुजाता महिला गायन पार्टी, नाशिक. जयंतीचा हंगाम, बुद्धपौर्णिमा, कुणाचा गृहप्रवेश, कुणाच्या गेलेल्या आईचं पुण्यानुमोदन, बोलावतील तिथे आम्ही जातो. ढोलकीवाले, पॅडवाले बदलत राहिले, आम्ही तिघी राहिलो. पांढऱ्या साड्या, निळे काठ, केसात काही नाही. विशाखा एका खाजगी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि तिचा आवाज असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतली म्हातारी मान डोलावते. पण मला आज सांगायचं आहे ते उज्वलाबद्दल.

उज्वला गंगापूर रोडला बंगल्यांमध्ये पोळ्या करते. नवरा जयराम ओझरच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. ती बागलाणातली, नामपूरची. लग्न होऊन आमच्या कॉलनीत आली तेव्हा नाकासमोर चालणारी, तोंडातून शब्द न काढणारी पोर होती. एकदा विहारात वंदनेनंतर कुणीतरी आग्रह केला आणि ती गायली. स्वतःच रचलेलं गाणं. मी विचारलं, "कुठे लिहिलंयस?" तर म्हणाली, "लिहीत नाही मावशी. लाटणं फिरायला लागलं की ओळी येतात. हात पिठात असतात, मग लिहिणार कशानं?" त्यावर मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, तू आमच्या पार्टीत ये. दुसरी, मला मावशी म्हणू नको, मी काही इतकी म्हातारी नाही. तेव्हापासून मी कुसाताई.

तिचं सगळ्यात चांगलं गाणं तिच्या आईवर आहे. नवसाबाई. कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जाणारी बाई, मजुरी घेताना अंगठा उठवायची. उज्वला शाळेत असताना गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला, आणि आई दिवसभर कांदे निवडून संध्याकाळी त्या वर्गाला जाऊन बसायची. जिथे जमेल तिथे बोटानं नाव गिरवायची. भिंतीवर, पिठात, स्वतःच्या मांडीवर. ज्या दिवशी तिनं पहिल्यांदा सही केली त्या दिवशी घरी येऊन अंगठ्याची जुनी शाई दगडानं घासून काढली. त्यावर हे गाणं:

अंगठ्याची शाई पुसली गं,
माय माझी सही शिकली गं.

आता आमच्या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात ज्यानं गाणं रचलं त्याचं नाव येतं. ते नाव म्हणजेच त्याची सही. गाणारा कुणीही असो, रचणाऱ्याचं नाव सोडायचं नाही, हे आमच्या बापजाद्यांपासून चालत आलेलं. तसं या गाण्यातही होतं:

भीमानं दिधली लेखणी,
उज्वला सांगे कहाणी…

सुरुवातीला हे कडवं उज्वला एकटीच म्हणायची आणि म्हणताना तिचा चेहरा उजळायचा म्हणे. पाठ तर आणखीच. ताठ व्हायची.

मग एका हंगामात तिला कावीळ झाली. निफाडकडच्या एका गावातला कार्यक्रम तिच्याशिवाय करावा लागला. विशाखा एकटी गायली. शेवटचं कडवं आलं आणि तिनं म्हटलं, "विशाखा सांगे कहाणी." मी पेटीवरून मान वर करून बघितलं. नंतर मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अहो कुसाताई, ते कडवं मी कधी म्हटलंच नव्हतं. उज्वला तिथं नव्हती, लोक विचारतील कोण उज्वला. तोंडात आलं ते म्हटलं." मला ते तेव्हा खरं वाटलं, आजही वाटतं. चूक अशीच होते, तोंडात येते. पाप झालं ते पुढे.

कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. तो पसरला. इतका पसरला की महिन्याभरात डीजेवाले ते गाणं वाजवायला लागले. निवेदक आम्हाला स्टेजवर बोलावताना म्हणायला लागले, "आता ऐकू या विशाखाताईंचं गाजलेलं गीत." उज्वला बरी होऊन परत आली, पहिल्याच कार्यक्रमात माइकपाशी उभी राहिली, आणि शेवटचं कडवं सुरू व्हायच्या आत समोरच्या गर्दीनंच ते म्हणून टाकलं. विशाखाच्या नावानं.

परतीच्या गाडीत उज्वला एवढंच म्हणाली, "ताई, माझं नाव."

विशाखा खिडकीबाहेर बघत होती. "आता लोकांच्या तोंडी बसलंय गं," ती म्हणाली. "मध्येच बदललं तर लोक म्हणतील आधी चोरलं होतं. पार्टीचंच नाव जाईल. पुढच्या गाण्यात तुझं नाव घेऊ ना."

पुढचं गाणं उज्वलानं केलंच नाही. म्हणजे लाटणं फिरत असेल, ओळीही येत असतील, पण आमच्यापर्यंत आल्या नाहीत. आणि स्टेजच्या खाली ती विशाखाशी बोलायची बंद झाली. सात-आठ वर्षं. गाडीत दोघींच्या मध्ये मी. चहा आला तर, "कुसाताई, तिला विचारा साखर चालेल का." विशाखाही काही कमी नाही, "कुसाताई, तिला सांगा पदराला पिन नीट लाव, मागच्या वेळी सुटली होती." एकदा मी वैतागून म्हटलं, "मी पेटी वाजवायला येते की टपाल वाटायला?" दोघी हसल्या, पण एकमेकींकडे न बघता.

आणि स्टेजवर? स्टेजवर पाहणाऱ्याला वाटावं एका आईच्या पोटच्या. एकाच माइकवर गालाला गाल लावून उभ्या. विशाखानं ओळ उचलायची, उज्वलानं ती अलगद झेलायची, मध्येच एकीनं दुसरीकडे बघून हसायचं. बायका म्हणायच्या, "सख्ख्या बहिणी आहेत का हो?" विशाखाचा डावा हात कायम उज्वलाच्या पाठीवर. पब्लिकला वाटायचं माया. मला मागून दिसायचं त्यात आणखी काय आहे ते. विशाखाला दम्याचा त्रास आहे. ती कुणाला सांगत नाही. श्वास संपत आला की ती बोटं उज्वलाच्या पाठीत दाबते आणि उज्वला अर्ध्या शब्दावरून ओळ उचलते. सांधा कळत नाही. इतकी वर्षं मागे बसून मलाही कधी कधी कळायचा नाही.

मी उज्वलाला विचारलं होतं, "कशाला झेलतेस? एकदा पडू दे की तिला." मला राग येत होता, तिचा नाही, माझाच म्हणा. ती म्हणाली, "तिच्या आवाजाशिवाय माझं गाणं मलाच गाणं वाटत नाही, कुसाताई. काय करू?"

"मग शेवटचं कडवं तू घे. माइक तर समोरच असतो. म्हण तुझं नाव."

"मी म्हटलं तर हिसकावल्यासारखं होईल. तिनं घेतलं, तिनंच परत द्यायला पाहिजे."

इथवर ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतं, पण चाललं होतं. यंदा मात्र नवसाबाई आली.

नवसाबाईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला करायचं ठरलं. ऑपरेशन झालं, काळा चष्मा लागला, आणि म्हातारी लेकीकडे राहिली. ऐन जयंतीच्या दिवसांत. तिनं लेकीला स्टेजवर कधीच पाहिलं नव्हतं. आणि उज्वलानं तिला गाण्याचं कधी सांगितलंच नव्हतं. आधी ठरवलं होतं, आईला स्टेजवरूनच ऐकवायचं, अचानक. मग नाव गेलं, आणि सांगायची लाज वाटायला लागली. तुमच्या गावातला डीजे जे गाणं वाजवतो ते मी तुझ्यावर केलंय, पण त्यात नाव दुसरीचं आहे, हे आईला फोनवर कोणत्या तोंडानं सांगायचं? फक्त एवढंच म्हणायची, "आई, मी तुझ्यासाठी एक गाणं केलंय. आलीस की ऐकवीन."

आमच्याच कॉलनीच्या मैदानावर कार्यक्रम होता, दिवेलागणीला सुरू होणारा. तयारीला आम्हाला समाजमंदिराची मागची खोली दिली होती. मी पेटीचा भाता तपासत होते. विशाखा आरशासमोर. उज्वला दारातून आत आली आणि माझ्याकडे न बघता सरळ विशाखासमोर उभी राहिली. माझे हात पेटीवरच थांबले.

"ताई," उज्वला म्हणाली, "आज आई आलीय. पहिल्या रांगेत बसणार आहे. शेवटचं कडवं आज माझ्या नावानं घेशील? फक्त आज. परत कधी मागणार नाही."

विशाखा आरशातूनच बघत राहिली. "लोकांना काय सांगू?"

"काही सांगू नको. नुसतं म्हण."

विशाखा आरशाकडे पाठ करून म्हणाली, "कुसाताई, पिन द्या." मला वाटलं झालं, परत टपाल सुरू. पण पिन घेऊन ती उठली, उज्वलाच्या मागे गेली आणि तिच्या पदराला स्वतःच्या हातानं लावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उज्वलाचे डोळे भरून आले, माझेही आले. मी भात्यावरची नसलेली धूळ झटकली.

मैदान गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नवसाबाई, पाठ ताठ, हातात पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा. एक एक गाणं झालं. माझा जीव टांगणीला लागला होता, मी दोन ठिकाणी सूर चुकवले. ते अर्थात कुणाला कळलं नाही, पेटीचं कळतंच कुणाला! शेवटी ते गाणं आलं.

"अंगठ्याची शाई पुसली गं" म्हटल्याबरोबर मैदान उठलं. पोरं निळे झेंडे घेऊन नाचायला लागली. दोघींचं असं जमलं होतं त्या दिवशी की काय सांगू. नाटक नव्हतं ते. उज्वला हसत होती, पाठीनंसुद्धा. मग शेवटचं कडवं आलं. विशाखानं माइक तोंडाशी घट्ट धरला आणि म्हणाली, स्पष्ट म्हणाली, मी माझ्या कानांनी ऐकलं:

"उज्वला सांगे कहाणी…"

आणि त्याच क्षणी सगळं मैदान ओरडलं, "विशाखा सांगे कहाणी!" जे पुढे होते, ज्यांना माइकमधलं नाव ऐकू आलं, त्यांना वाटलं ताई चुकल्या. त्यांनी टाळ्या वाजवत आणखी मोठ्यानं सुधारून दिलं. विशाखानं पुन्हा एकदा ओळ घेतली, पुन्हा उज्वलाचंच नाव. पण श्वास पुरला नाही, आवाज कापला, आणि हजारभर गळ्यांपुढे कापऱ्या आवाजाचं काय चालणार? हे गाणं आता तिच्याही हातात राहिलं नव्हतं. पहिल्या रांगेत नवसाबाई टाळ्या वाजवत होती, तिचे ओठही हलत होते. काय म्हणत होते ते मला दिसलं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

आम्ही खाली उतरून मागच्या खोलीत आलो. विशाखा धापा टाकत बसली. "मी घेतलं गं नाव," ती उज्वलाला म्हणाली. "दोनदा घेतलं."

"ऐकलं मी," उज्वला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आता आई विचारेल तेव्हा सांगते तिला. माझं नाव तिनंही ऐकलं असेलच."

तेवढ्यात कुणीतरी नवसाबाईला हाताला धरून घेऊन आलं. म्हातारी खूश होती. लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "लय झ्याक! समदं आयकं मी. ते सहीनं गाणं तं आमना गावमा रोज वाजस. पन पोरी, तुन्हं गाणं ऱ्हाई गयं ना? तू म्हनेल व्हती, मन्हासाठे करेल शे."

म्हणजे म्हातारी लेकीच्या गाण्याची अजून वाटच बघत होती. मग विशाखा उठली. मी तिला पुष्कळ वर्षं ओळखते, तिला वाकताना फारसं पाहिलेलं नाही. ती म्हातारीसमोर वाकली, तिचे दोन्ही हात धरले. "आजी, तेच हिचं गाणं. सहीचं. हिनंच रचलंय, तुमच्यावर. माझं नाव त्यात चुकून लागलं."

नवसाबाई काळ्या चष्म्यातून तिच्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिली. मग हसली. "काय बोलस माय! तुन्हं नाव शे ना त्यामा. आख्खं गाव म्हनस. आत्ते एवढी मानसं म्हनीऱ्हायनी." तिनं विशाखाच्या गालाला हात लावला. "हिले वाईट वाटाले नको म्हनीसन सांगस ना? मोठं मन शे वं तुन्हं. तुन्ही मायबी मन्हासारखीच व्हई, सही शिकेल."

मला राहवेना. "आजी, खरंच सांगतेय ती," मी म्हटलं. "मी पहिल्यापासून आहे."

"तुम्ही मास्तरीण, तुम्हीबी चांगल्याच," म्हातारी म्हणाली. मग लेकीकडे वळली, आणि आवाज खाली आणून, दुसऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, पण आम्हाला ऐकू आलंच, "उज्वला, दुसरानं गाणं आपलं शे म्हनी सांगू नही पोरी. गाणं नही जमनं ते नही जमनं. त्यामा काय लाज?"

उज्वलाचा चेहरा मी पाहिला. मी पुन्हा तोंड उघडलं तर तिनं माझं मनगट धरलं. "राहू द्या, कुसाताई." म्हातारीला काय दोष द्यायचा? सही ज्याची, वस्तू त्याची, हे तीच तर त्या वर्गात शिकली होती.

बाहेर आरडाओरडा सुरू झाला होता. निवेदक आत डोकावला. "ताई, वन्स मोअर! सहीचं गाणं! पब्लिक हलत नाहीये." माइकवर तो आधीच सांगून आला होता, "लोकाग्रहास्तव पुन्हा एकदा, विशाखाताईंचं…"

नवसाबाईला परत तिच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. आम्ही वर गेलो. विशाखाचे डोळे सुजले होते, श्वास आधीच अर्धा होता. तिनं हात उज्वलाच्या पाठीवर ठेवला, नेहमीच्या जागी, स्वतः लावलेल्या पिनेच्या खाली. पहिलं कडवं तिनं कसंबसं काढलं. दुसऱ्यात तिची बोटं सारखी दाबत होती आणि उज्वला सारखी झेलत होती. शेवटचं कडवं आलं.

विशाखानं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. तिची पाची बोटं उज्वलाच्या पाठीत रुतली. मग तिनं माइक अख्खा उज्वलाकडे सरकवला आणि तोंड फिरवलं. पब्लिक गप्प झालं. आता काय होतंय म्हणून पोरंसुद्धा थांबली. मी पेटीवर सूर धरून ठेवला आणि मनात म्हणत होते, म्हण. म्हण बाई. आता कुणी मध्ये नाही, कुणी ओरडत नाही, तिनं दिलंय तुला, तू म्हणाली होतीस तसं. म्हण तुझं नाव.

उज्वला पहिल्या रांगेकडे बघत होती. तिथं तिची आई मान पुढे काढून ऐकत होती. आईच्या समोर आता आपलं नाव घेतलं तर आईच्या लेखी ती चोर ठरली असती. आईनं थोड्याच वेळापूर्वी समजावून सांगितलं तरी भर मैदानात दुसरीचं गाणं लाटणारी लेक.

"भीमानं दिधली लेखणी," उज्वला गायली, एकटी, इतक्या वर्षांनी एकटी, आणि आवाज कुठेही न हलवता, "विशाखा सांगे कहाणी…"

मैदान फुटलं. शिट्ट्या, टाळ्या. विशाखानं झटकन तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी याआधी कुणाच्याही तोंडावर पाहिलेलं नाही. खालच्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "बघ ना, जीव कसा आहे एकमेकींवर." नवसाबाईनं दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या आणि शेजारणीला अभिमानानं काहीतरी सांगितलं.

गाणं संपलं तरी विशाखाचा हात उज्वलाच्या पाठीवर तसाच होता. उज्वला एक पाऊल पुढे झाली, आईकडे बघून तिनं हात जोडले, आणि विशाखाचा हात हवेतच राहिला. मी पेटीचा भाता बंद केला.